करिंथची पंगत

पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ख्रिस्ती विवाहप्रसंगी आवर्जून वाचला जातो. प्रीतीचे माहात्म्य सांगणारा हा अध्याय सुटा वाचला, तर तो एखाद्या निवांत, प्रसन्न घटकेत लिहिला गेला असावा असेच कोणालाही वाटेल. मात्र त्याच्या मूळ जागी, म्हणजे आधीच्या अकराव्या-बाराव्या आणि पुढच्या चौदाव्या अध्यायासह तो वाचला की चित्र पालटते. आधी जेवणावरून झालेला तंटा आहे. नंतर सभेत कोणी, केव्हा आणि किती बोलावे यावरून झालेला तंटा आहे. प्रीती काय करीत नाही याची जी यादी पौल देतो, ती पुष्कळ अंशी करिंथकर काय करीत होते याची यादी आहे. गर्वाने फुगणे या अर्थाचे जे ग्रीक क्रियापद तिथे येते, तेच त्याने आधीच्या अध्यायांत करिंथकरांना उद्देशून अनेकदा वापरले आहे. ज्याला आपण स्तोत्र समजतो तो असा भर भांडणात केलेला युक्तिवाद आहे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. नारायण वामन टिळक शिकवण्याच्या निमित्ताने या पत्राकडे वळलो आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला संहिता संदर्भासह वाचण्याची जी सवय असते, तेवढ्या भांडवलावर ते वाचीत गेलो. धर्मशास्त्राचा अधिकार आम्हांला नाही. तथापि या पत्रात ऐक्याविषयी जे सांगितले आहे ते ऐक्यावर एरवी होणाऱ्या भाषणांहून बरेच वेगळे आहे, आणि त्याचे मर्म एका मराठी शब्दाने चांगले उकलते, असे आम्हांला वाटते. तो शब्द म्हणजे पंक्तिभेद.

प्रथम त्या गावाविषयी. जुने करिंथ रोमन सेनापती मुम्मियस याने इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले. पुढे जवळजवळ शतकभराने, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्यूलियस सीझरने तेथे रोमन वसाहत वसवली. या वसाहतीत येऊन राहिलेल्यांत गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचा भरणा मोठा होता. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूमीवरचे हे गाव. एका बाजूला लेखायन आणि दुसऱ्या बाजूला किंख्रिया अशी दोन बंदरे त्याला लाभलेली. व्यापार वाढला, पैसा आला. जुनी खानदाने फारशी नसलेल्या अशा नव्या गावात प्रतिष्ठा वारशाने मिळत नाही, ती सतत मिरवून मिळवावी लागते. पौल या गावी दीड वर्ष राहिला. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या दांपत्याबरोबर तंबू करण्याचा व्यवसाय करीत त्याने तेथे मंडळी उभी केली. त्या सुमारास प्रांताधिपती असलेल्या गल्लियोचा उल्लेख डेल्फीच्या शिलालेखात सापडत असल्याने हा काळ इ.स. ५१ च्या आसपासचा, असे बऱ्याच निश्चितपणे म्हणता येते. प्रस्तुत पत्र त्यानंतर दोन-चार वर्षांनी इफिसहून लिहिलेले आहे.

पत्राचे निमित्त म्हणजे एक बातमी. ख्लोवे नावाच्या स्त्रीच्या माणसांनी ती पौलाला पोहोचवली. करिंथच्या मंडळीत गट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवीत होता, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, आणि काहींनी तर थेट ख्रिस्ताचेच नाव आपल्या गटाला लावले होते. ही यादी वाचताना आमच्यासारख्या अध्यापकांनी जरा थबकावे असे तिच्यात काही आहे. फूट पडली ती शिक्षकांच्या नावांवर. अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा, विद्वान आणि वक्ता. पौलाचे बोलणे मात्र प्रत्यक्षात प्रभावहीन वाटते, अशी कुजबुज असल्याचे त्याच्याच दुसऱ्या पत्रावरून कळते. आपण कोणाकडून शिकलो हे सांगता सांगता आपण इतरांहून कसे सरस हे सांगण्याची ही रीत विद्यापीठीय जगात वावरणाऱ्याला अपरिचित नाही. चर्चासत्रांतल्या परिचयांत अमुक सरांचा विद्यार्थी, तमुक संप्रदायाचा समीक्षक, या ओळखी ज्या सुरात उच्चारल्या जातात तो सूर करिंथच्या सुरापासून फार दूर नाही.

आपल्या नावाने निघालेल्या गटाशी पौल कसा वागतो हे पाहण्यासारखे आहे. त्या गटाची बाजू तो घेत नाही. त्यांच्या दाव्याचा पायाच काढून घेतो. आपण फारशा कोणाला बाप्तिस्मा दिला नाही याबद्दल तो समाधान व्यक्त करतो. क्रिस्प आणि गायस या दोघांखेरीज कोणालाच नाही, असे तो म्हणतो आणि मग स्तेफनाच्या घरच्यांनाही दिल्याचे आठवून तसे सांगतो; आणखी कोणाला दिला का, हे आता स्मरत नाही, अशी पुस्ती जोडतो. तोंडी मजकूर सांगून लेखनिकाकडून लिहवून घेतलेल्या पत्रात स्मरणाची ही ठेच जशीच्या तशी राहून गेली आहे. संप्रदाय स्थापणारा माणूस आपल्या शिष्यांची मोजणी अशी विसरत नाही. पुढे तो स्वतःला लावणारा आणि अपुल्लोसाला पाणी घालणारा म्हणतो. वाढ दोघांच्याही हातची नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी, निरोपानिरोपीच्या मजकुरात, एक वाक्य सहज येऊन जाते. अपुल्लोसाने करिंथला जावे असा आग्रह आपण त्याला पुष्कळ केला, पण तूर्त जाण्याची त्याची इच्छा नव्हती, असे त्यात सांगितले आहे. ज्याच्या नावाने प्रतिपक्ष उभा आहे त्यालाच पौल तिथे पाठवू पाहतो, आणि तो मात्र जाण्याचे टाळतो. त्याने कारण दिलेले नाही. शिष्य भांडत असताना गुरूंमध्ये मात्र असा विश्वास होता, एवढे त्या ओळीवरून कळते.

फूट या अर्थी पौल जो ग्रीक शब्द वापरतो तो 'स्खिस्मा'. त्याचा साधा अर्थ चीर. मार्काच्या शुभवर्तमानात जुन्या वस्त्राला नवे ठिगळ लावल्याने जी चीर वाढते, तिला हाच शब्द आहे. या फुटीवर उपाय सांगताना पौलाने जे क्रियापद योजले आहे, ते मार्काने कोळ्यांच्या जाळी नीट करण्यालाही वापरले आहे. एकीकडे फाटणे, दुसरीकडे सांधणे, अशी ही जोडी आहे. ऐक्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा दगडी वास्तू येते: भक्कम, अभंग. ग्रीक शब्दांमागचे चित्र कापडाचे आणि जाळ्याचे आहे. जाळे रोज वापरले जाते, म्हणून रोज कुठे तरी तुटते, आणि कोळी ते रोज किनाऱ्यावर बसून सांधतो. त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

'स्खिस्मा' हा शब्द या पत्रात तीन ठिकाणी येतो. पहिल्यांदा गुरूंच्या नावांवरून पडलेल्या गटांच्या संदर्भात, आणि तिसऱ्यांदा शरीराच्या रूपकात. मधली जागा अकराव्या अध्यायातली, आणि आमच्या मते साऱ्या पत्राचा मर्मबिंदू तोच आहे. तिथला विषय मते नव्हेत, जेवण आहे.

आरंभीच्या मंडळ्यांना स्वतंत्र मंदिरे नव्हती. मंडळी जमे ती कोणाच्या तरी घरी, आणि प्रभुभोजन हे आजच्यासारखे प्रतीकात्मक न राहता खरोखरच्या जेवणाचा भाग असे. जमणाऱ्यांत गायसासारखे सगळ्या मंडळीला घरी सामावून घेण्याची ऐपत असणारे होते, तसेच गुलाम आणि मजूरही होते. या भोजनात प्रत्येक जण आपले जेवण आधीच उरकून घेतो, त्यामुळे एक जण उपाशी राहतो आणि दुसऱ्याला मद्य चढलेले असते, अशी पौलाची तक्रार आहे. असे घडत असावे कसे? अनाप्लोगा येथे उत्खननात सापडलेल्या रोमनकालीन घराच्या मोजमापांवरून जेरोम मर्फी-ओ'कॉनर या अभ्यासकाने एक चित्र उभे केले. त्या घरातील भोजनकक्ष सुमारे ४१ चौरस मीटरांचा. त्यात तक्क्यांवर रेलून जेवणारे नऊएक जणच मावतील, बाकीच्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागेल. करिंथची मंडळी अशा प्रशस्त घरात जमत होती की दुकानांवरच्या माळ्यांसारख्या साध्या जागांत, याविषयी पुढच्या अभ्यासकांनी मतभेद नोंदवले आहेत. परंतु दिवसाचा वेळ ज्याच्या हातात आहे तो लवकर येणार आणि ज्याच्या वेळेवर मालकाची सत्ता आहे तो उशिरा येणार, हे समजण्यासाठी घराचा नकाशा लागत नाही.

रोमन समाजाला यात विशेष काही वाटले नसते. धाकट्या प्लिनीने आपल्या एका पत्रात अशाच मेजवानीचे वर्णन केले आहे. यजमानाने स्वतःसाठी आणि निवडक पाहुण्यांसाठी उत्तम पदार्थ मांडले होते, इतरांसाठी हलके. मद्याच्याही तीन प्रती होत्या, शेवटची मुक्त गुलामांसाठी. आपण मात्र सर्वांना सारखेच वाढतो, असे प्लिनी सांगतो. मग खर्च परवडतो कसा, या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तराचा भावार्थ असा, की त्यासाठी मुक्त गुलामांचे मद्य उंची करावे लागत नाही, आपले साधे करावे लागते. या उत्तरात चातुर्य आहे आणि सभ्यताही आहे. पण प्लिनीच्या दृष्टीने हा एका सुसंस्कृत यजमानाच्या अभिरुचीचा प्रश्न होता. पौलाच्या दृष्टीने तो मंडळी ही मंडळी आहे की नाही याचा प्रश्न होता. असे जेवण हे प्रभुभोजन नव्हेच, इतक्या कठोर शब्दांत तो निकाल देतो, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा जाब विचारतो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच पंगतीत काहींना तूप सढळ आणि काहींना नावापुरते वाढणे, याला आपल्या भाषेत स्वतंत्र नाव आहे. ते दोषवाचक आहे, आणि तरीही हा दोष पिढ्यानुपिढ्या सुखेनैव चालत आला. पंगतीत कोणी बसायचे आणि उंबऱ्याबाहेर कोणी थांबायचे, हा त्याहून जुना भेद. महाराष्ट्रातल्या सुधारकांना सहभोजन हा चळवळीचा कार्यक्रम करावा लागला, अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकरीची सहभोजने घालीत फिरावे लागले, ते याच कारणाने. विचारांनी जवळ आलेली माणसेही पानापाशी दूर जातात हे त्यांना ठाऊक होते.

बाराव्या अध्यायातले शरीराचे रूपक या जेवणानंतर लगेच येते, आणि ते तसेच वाचले पाहिजे. हे रूपक पौलाचे नाही. लिव्हीच्या इतिहासात इ.स.पू. ४९४ मधली एक कथा आहे. रोमचे सामान्यजन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोटाविरुद्ध संप करणाऱ्या अवयवांची गोष्ट सांगून समजावले. पोट नुसते खाते असे वाटले तरी तेच सर्वांना पोसते, तेव्हा अवयवांनी मुकाट्याने काम करावे, असे तिचे तात्पर्य. शेक्सपिअरने 'कोरिओलेनस'च्या आरंभी ती वापरली असल्याने आपल्यापैकी अनेकांना ती परिचित असेल. आपल्याकडे पुरुषसूक्ताने शरीराच्याच प्रतिमेतून समाजाची उतरंड रचली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शूद्रांच्या उत्पत्तीचा शोध घेणाऱ्या आपल्या १९४६ च्या ग्रंथाचा आरंभ त्या सूक्ताच्या चिकित्सेने करावा लागला. शरीराचे रूपक हे असे बहुधा वरच्यांच्या सोयीचे असते. पायाने पायच राहावे, हे त्यातून सहज सांगता येते.

पौल तेच रूपक हाती घेतो आणि त्याचे वजन दुसरीकडे टाकतो. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक आहेत, आणि ज्यांना कमी प्रतिष्ठा आहे त्यांना अधिक मान मिळावा अशीच शरीराची रचना आहे, असे तो म्हणतो. आणि हे कशासाठी, तर शरीरात चीर पडू नये म्हणून. ऐक्याची किंमत कोणी द्यायची, या प्रश्नाचे उत्तर इथे बदलले आहे. मेनेनियस ती खालच्यांकडे मागतो, पौल वरच्यांकडे. मूर्तींना वाहिलेल्या मांसाच्या वादातही त्याने हेच केले आहे. मूर्ती मिथ्या असल्याने ते मांस खाण्यात दोष नाही, हे जाणत्या गटाचे मत त्याला तत्त्वतः मान्य आहे. तरीही दुबळ्या मनाच्या भावाला त्यामुळे अडखळण होत असेल तर खाणे सोडावे, असे तो या जाणत्यांनाच सांगतो. मते एक व्हावीत याची वाट पाहत न बसता माणसे एकत्र कशी राहतील, याची ही तजवीज आहे.

मग ऐक्यासाठी सगळेच गिळून टाकायचे काय? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर आहे. अंत्युखियास केफा गैरयहुदी बांधवांबरोबर जेवत असे; याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो त्या पंगतीतून उठला, आणि बर्णबासारखा माणूसही त्याच्यामागे गेला. पौलाने सर्वांसमक्ष केफाला त्याच्या तोंडावर विरोध केला. ज्येष्ठांचा मान आणि मंडळीची शांतता, दोन्ही त्याने त्या क्षणी बाजूला ठेवली, कारण पंगत मोडली होती. करिंथमध्ये भांडू नका म्हणणारा आणि अंत्युखियास उघड भांडणारा माणूस एकच आहे, आणि दोन्हीकडे त्याची कसोटीही एकच आहे.

या कसोटीचे पुढे काय झाले हे पाहताना मात्र आम्ही अस्वस्थ झालो. सुमारे इ.स. ९६ मध्ये रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक दीर्घ पत्र लिहिले. परंपरेने ते क्लेमेंटच्या नावावर आहे. चाळीस वर्षांनी करिंथमध्ये पुन्हा दुफळी माजली होती. काही तरुणांनी मंडळीच्या वडीलजनांना अधिकारपदावरून दूर केले होते. क्लेमेंट शरीराचेच रूपक वापरतो, पण त्याच्या शेजारी रोमन सैन्याचे उदाहरण ठेवतो: प्रत्येकाने आपापल्या जागी राहून वरच्याची आज्ञा पाळावी. ज्यांच्यामुळे कलह झाला त्यांनी मोठ्या मनाने गाव सोडून जावे, असेही तो सुचवतो. पत्र सुंदर आहे, त्यातली कळकळ खरी आहे, आणि ते वडील निर्दोष असतीलही. परंतु दुसऱ्या बाजूचे एक अक्षरही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. ऐक्याचा अर्थ दुबळ्यासाठी जागा करणे येथून अधिकाऱ्यापुढे नमणे येथवर यायला दोन पिढ्यासुद्धा लागल्या नाहीत. पौलाचे पत्रही या बाबतीत निर्दोष नाही. ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत राहण्याचा उपदेश तो गुलामांनाही करतो. आणि सभेत स्त्रियांनी गप्प राहावे असे सांगणारा चौदाव्या अध्यायातला मजकूर प्रक्षिप्त असल्याचे काही अभ्यासक मानतात, तरी तो शतकानुशतके पौलाचा म्हणूनच वापरला गेला. उपाशी राहणाऱ्यांचा आवाज तर या पत्रातही ऐकू येत नाही. फार तर ख्लोवेच्या माणसांनी आणलेल्या निरोपात तो असेल.

आमच्या टिळकांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. १९१९ मध्ये ते गेले, आणि त्या प्रयोगाला फारसा अवधी मिळाला नाही. मात्र या कल्पनेची पूर्वतयारी त्यांच्या घरातच झाली असावी, असा आमचा तर्क आहे. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळात दोन धर्मांची माणसे एका संसारात कशी नांदली, सोवळ्याचे प्रश्न चुलीपाशी कसे सोडवले गेले किंवा तसेच राहिले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगायला नको. ऐक्यासाठी एकमत आधी लागतेच असे नाही, हे तिथेही दिसते.

जेवणाच्या त्या तंट्यावर पौलाने अखेर जो उपाय सांगितला तो फारच साधा आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढाच त्याचा आशय. आमच्या महाविद्यालयात कायम नेमणुकीचे अध्यापक साडेबाराला डबे उघडतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचा शेवटचा तास एक वाजता संपतो, आणि त्यातले काही लगेच दुसऱ्या महाविद्यालयातल्या तासासाठी बस पकडायला धावतात. त्यांच्यापैकी काहींनी बारा-बारा वर्षे अशी काढली आहेत. पदवी तीच, पुस्तके तीच, विद्यार्थीही तेच; ताट वेगळे. आमच्या विभागात हल्ली डबे एक वाजून पाच मिनिटांनी उघडतात. त्याने तासिकेचा दर वाढत नाही, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, आणि त्यासाठी करायची भांडणे अंत्युखियासारखी उघड करावी लागतील याची आम्हांला कल्पना आहे. तरी मधल्या काळात कोणासाठी थांबायचे, हे तरी आपल्या हाती असते.

करिंथकरांनी पौलाचे ऐकले का? दुसऱ्या पत्रावरून दिसते की भांडण लवकर मिटले नाही. मध्ये एक दुःखद भेट झाली, अश्रू ढाळीत लिहिलेले आणखी एक पत्रही गेले. क्लेमेंटच्या काळी तर ते पुन्हा पेटलेले होते. पण क्लेमेंट आपल्या पत्रात त्यांना सांगतो की पौलाचे ते पत्र हाती घ्या. म्हणजे ते त्यांच्याजवळ होते. आपल्या उष्ट्या ताटांचा, आपल्या गटबाजीचा आणि आपल्या गर्वाचा इतका उघड पाढा वाचणारे पत्र त्या भांडखोर मंडळीने चाळीस वर्षे जपून ठेवले होते, आणि इतरांना नकलून घेऊ दिले होते. म्हणूनच ते आज आपल्याला वाचायला मिळते.